नदी सरकली, सीमा तिथेच राहिली: कॅस्कॅस्कियाची एक दिवसाची सहल

मिझुरीतल्या सेंट लुईसला येणारी आपली मंडळी बहुधा गेटवे आर्च ही कमान बघून परत फिरतात. कमान बघाच. ६३० फुटांवरून खाली मिसिसिपी दिसते आणि तळाशी संग्रहालयही छान आहे. वर नेणाऱ्या डब्यात पाचच जण दाटीवाटीने बसतात आणि पायऱ्याही बऱ्याच आहेत, तेव्हा आईवडिलांचे गुडघे विचारात घेऊन तिकिटं आधीच काढा. पण दुसरा दिवस राखून ठेवा तो इलिनॉयच्या कॅस्कॅस्किया या चिमुकल्या गावासाठी.

१७८३ च्या पॅरिस तहात अमेरिकेची पश्चिम हद्द ठरली ती मिसिसिपीच. पलीकडे स्पेनचा अंमल होता, पुढे तो मुलूख फ्रान्सकडे गेला. १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा हा मुलूख विकत घेतला आणि १४ मे १८०४ ला तो धुंडाळायला लुईस-क्लार्क मोहिमेच्या नावा पूर्व काठावरच्या छावणीतून पश्चिमेकडे निघाल्या. पुढे १८१८ मध्ये इलिनॉय आणि १८२१ मध्ये मिझुरी राज्य झालं, तेव्हा दोघांमधली सीमा म्हणून नदीच धरली: पूर्वेला इलिनॉय, पश्चिमेला मिझुरी. इलिनॉयची पहिली राजधानी होती कॅस्कॅस्किया, तेव्हा नदीच्या पूर्वेला.

आम्ही आय-५५ महामार्गाने दक्षिणेला निघालो. तासाभरात सेंट जेनेव्हिव्ह लागतं. उभे ओंडके जमिनीत रोवून बांधलेली जुनी फ्रेंच घरं तिथे अजून उभी आहेत. पेट्रोल आणि जेवण इथेच उरका, पुढे काही मिळेल असं धरून चालू नका. मग हायवे ६१ ने सेंट मेरी आणि तिथून एक छोटा पूल. पुलाखाली संथ, गढूळ पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती.

बाबांनी विचारलं, "आता कुठल्या राज्यात आलो?"

"इलिनॉयमध्ये."

"अरे, पण नदी ओलांडलीच कुठे आपण?"

ती चिंचोळी पट्टी म्हणजेच जुनी मिसिसिपी! १८८१ च्या पुरात नदीने पात्र सोडलं, पूर्वेकडच्या कॅस्कॅस्किया नदीच्या पात्रात शिरली, जुनं गाव हळूहळू वाहून गेलं आणि आजचं गाव आहे ती जमीन पश्चिमेला पडली. काठ हळूहळू झिजून नदी सरकली तर सीमाही तिच्याबरोबर सरकते, पण ती एकदम उडी मारून गेली तर सीमा जुन्याच पात्रात राहते, असा इथला कायदा. म्हणून हा तुकडा आजही इलिनॉयचा, आणि उरलेल्या इलिनॉयमध्ये जायचं तर वाट मिझुरीतून. २०२० च्या जनगणनेत गावात २१ माणसं होती.

चर्चशेजारी विटांच्या लहानशा इमारतीत १७४१ ची फ्रेंच घंटा आहे. ४ जुलै १७७८ ला अमेरिकन सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्कने (मोहिमेतला क्लार्क वेगळा) गाव ब्रिटिशांकडून घेतलं तेव्हा हीच वाजली. तडा गेलेली ती घंटा बघत आई कितीतरी वेळ उभी होती. बाहेर नुसती शेतं आणि पुराला अडवणारा मातीचा बांध.

परतताना चेस्टरचा पूल ओलांडून फोर्ट कॅस्कॅस्कियाच्या टेकडीवर जाच. जुनं गाव जिथे होतं तिथून आता मिसिसिपी वाहते, ते वरून नीट कळतं. हे आधी बघू नका, गाव बघून मगच इथे या.

टेकडीवरून सेंट जेनेव्हिव्हला परतायचं असेल तर मोडॉकचा तराफा गाडीसकट पलीकडे नेतो. पाणी चढलं की तो बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करून घ्या.