राव्हेन्नाची मोझॅक आणि सेनिओचा बांध

इटलीतली सेनिओ नदी पाहून बहुतेकांचा विरस होतो. पंधरा फूट रुंदीचा ओढा, पाणी छातीपर्यंत, आणि एवढ्याशासाठी दोस्त सैन्य 1944-45 चा अख्खा हिवाळा इथे अडून बसलं? मुलं तर सरळ म्हणतात, ‘हे तर उडी मारून पार करू.’ म्हणून नदी शेवटी दाखवावी, आधी बांध दाखवावा.

राहायला जवळचं राव्हेन्ना शहर उत्तम. बोलोन्याहून साधी प्रादेशिक गाडी सव्वा ते दीड तासात पोचवते. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. लुगो मार्गे जाणारी गाडी निवडा. लुगो सुटलं की बान्याकाव्हाल्लो यायच्या आत ती एक लांबट हिरवा बांध ओलांडते. हीच रणभूमी, पण गाडीत कोणी मान वर करून बघत नाही.

शहरातली पाच स्मारकं एकाच तिकिटावर होतात. त्यातल्या रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीला आणि निओनियन बाप्तिस्मागृहाला ठरावीक वेळ नोंदवावी लागते आणि आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. समाधीच्या खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यामुळे आत पिवळसर अंधार. भर उन्हातून आत गेलेल्या माणसाची पहिली दोन मिनिटं डोळे सरावण्यातच जातात. रांगेत सावलीत उभं राहा, गॉगल आधीच काढा, मग छतावरच्या मोझॅकचा निळा रंग आणि सोनेरी चांदण्या लगेच उमटतात. सान व्हिताले चर्च (इ.स. 547) मात्र प्रशस्त आहे, तिथे आजी-आजोबांना बसवून सावकाश बघता येतं. दान्तेच्या समाधीशेजारच्या बागेत वेलींनी झाकलेला मातीचा ढिगारा आहे. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने कवीच्या अस्थी मार्च 1944 ते डिसेंबर 1945 पर्यंत त्याखाली पुरून ठेवल्या होत्या. कित्येक पर्यटक पाटी न वाचताच पुढे जातात.

आता सेनिओ. पाझर तलावाला असतो तसा मातीचा बांध नदीच्या दोन्ही काठांनी मैलोन्‌मैल गेलाय. लुगोच्या उत्तरेला सान पोतितोच्या बाजूला युद्धकाळात त्याची उंची 30 ते 35 फूट होती. नदी अडथळा नव्हतीच, खरा किल्ला हे बांध होते. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरून खंदक आणि मशीनगनची ठाणी केली होती. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावरही त्यांची ठाणी होती आणि त्यांच्या वर सुरुंगांचा पट्टा. दोस्तांची चढाई पूर्वेकडून. म्हणजे बांध चढून, पाण्यात उतरून पलीकडे निघालेल्या सैनिकावर गोळ्या पाठीमागूनही यायच्या. माथ्यावर उभं राहून आधी मागे, मग खाली पाण्याकडे बघितलं की हे समजतं. सपाटीवरून कितीही नकाशे पाहा, कळत नाही.

9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची एक तुकडी याच कोंडीत सापडली. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी, बाकीचे ठार. धड राहिला एकटा नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचा, कंपनीचा निरोप्या. त्याने दोन फेऱ्यांत दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून बांधापलीकडे नेलं. मग परत येऊन टॉमीगनने पहिलं ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी संपवली. शेवटी माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत त्याने उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावलं. यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याच दिवशी याच नदीवर फुझिन्यानो गावाजवळ याच भारतीय सैन्यातले शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई झाली. शाळेतल्या मुलांना हे बांधावर उभं करून सांगावं. हॉटेलात सांगितलं तर ती मोबाइलमध्येच असतात.

इथे मोटारगाडी हवी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. राव्हेन्नाच्या मध्यवस्तीत बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे आहेत, आणि दंडाचं पत्र घरी परतल्यावर येतं; गाडी बाहेर लावून चालत जा. बांधावर सावली नाही, डास भरपूर, उतार गवताचा आणि निसरडा. ज्येष्ठांना जिथे रस्ता पुलावर चढतो तिथेच उतरवा, चढण वाचते. मे 2023 च्या पुरात सेनिओ फुटली होती, त्यानंतर जागोजागी डागडुजी झाली. अडथळा लावलेला दिसला तर ओलांडू नका. अल्फोन्सिने गावात या लढाईचं छोटं, नेटकं संग्रहालय आहे. छोट्या गावांत दुपारी सगळं बंद होतं, म्हणून वेळ आधी बघूनच निघा.

शाकाहारींसाठी पियादिना ही इथली पोळी आहे, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. ‘ऑलिव्ह तेलाची’ असं स्पष्ट विचारावं लागतं. हसून ‘हो हो’ म्हणणाऱ्यावर माझा भरवसा नाही. मी पिशवीवरचे घटक वाचते.

फोर्लीची भारतीय युद्धस्मशानभूमी राव्हेन्नाच्या रस्त्यालाच आहे. तिथे जवळजवळ 500 कबरी आहेत, आणि दहन झालेल्या साडेसातशेहून अधिक हिंदू-शीख सैनिकांची नावं वेगळ्या स्मारकावर. जाधव युद्धातून जिवंत परतले, त्यांना इथे शोधू नका. इटलीतच लढताना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या यशवंत घाडगेंचं नाव कॅसिनो गावातल्या स्मारकावर आहे, पण ते गाव रोमच्याही दक्षिणेला. याच सहलीत कोंबलं तर अख्खा दिवस महामार्गावर जाईल.