सायप्रसमधली फीना, आणि फीनाचं सोंग घेणारे

सायप्रस बेटावर माणसाच्या जिवावर बेतेल असा साप मुळात एकच: फीना. शास्त्रीय नाव माक्रोव्हिपेरा लेबेटिना. आपल्या घोणशीच्याच कुळातली. तशीच जाडजूड, रुंद डोक्याची, आखूड शेपटीची. लांबी साधारण एक मीटर, क्वचित दीड. फरक एवढाच की घोणस थेट पिल्लांना जन्म देते, सायप्रसची फीना अंडी घालते.

गोंधळ होतो तो द्रोपीस नावाच्या सापामुळे. हा पूर्णपणे बिनविषारी, पण करड्या-तपकिरी अंगावर गडद ठिपक्यांची ओळ, आणि डिवचला की डोकं चपटं करून त्रिकोणी करतो, जोरात फुत्कारतो. कोल्ह्याला फसवायला हे सोंग उत्तम. हातात फावडं असलेल्या माणसापुढे मात्र तेच अंगाशी येतं.

‘डोळ्याची बाहुली उभी, म्हणजे साप विषारी’ हा नियम इथे सोडूनच द्यावा. पाली-सरडे खाणाऱ्या, निमविषारी मांजर-सापाची बाहुलीही उभीच असते, आणि माणसाला त्याच्यापासून जवळजवळ काहीच धोका नाही. उलट अंधारात फीनाची बाहुली पसरून गोल दिसू शकते. म्हणजे नियम दोन्हीकडून फसतो. खात्रीची खूण डोक्यावर असते. फीनाचं डोकं घोणशीसारखंच बारीक, खरखरीत खवल्यांनी भरलेलं असतं. बाकी सापांच्या डोक्यावर मोठे, गुळगुळीत, जोडीजोडीने मांडलेले खवले दिसतात. हे बघायला वाकायचं नाही. तीन-चार मीटरवरून मोबाईलवर झूम करून फोटो काढायचा आणि मग तो निवांत मोठा करून पाहायचा. डोकं दिसत नसेल तर शेपटी पाहा: फीनाचं जाड अंग शेवटी एकदम निमुळतं होतं, द्रोपीसचं हळूहळू. आणखी एक, फीना सहसा पळत नाही, जागीच पडून राहते. म्हणूनच तिच्यावर पाय पडतो.

वसंतात ती दिवसाही उन्हाला येते. कडक उन्हाळ्यात संध्याकाळनंतर हिंडते, पाण्याच्या आसपास जास्त. द्राक्षमळ्यांचे दगडी बांध, ओढ्याकाठची झुडपं, पाण्याची टाकी अशा ठिकाणी हात घालण्याआधी काठी आपटावी. पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेत, सँडल नकोत.

काळ्याकुळकुळीत, दोन-अडीच मीटर लांब थेर्कोला तर मारूच नये. तो उंदरांबरोबर इतर सापही खातो, फीनासुद्धा. गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असतं. पण थेर्कोचं पिल्लू काळं नसतं, तपकिरी आणि नक्षीदार असतं, आणि फीना समजून नेमकं तेच मारलं जातं.

पाणसापाची स्थानिक उपजात तर नामशेष झाली असंच धरलं होतं. 1992 मध्ये ती पुन्हा सापडली. क्सिलियातोसच्या धरणाजवळ आणि परालिम्नीच्या तळ्याकाठी ती आजही तग धरून आहे. पकडला की हा साप घाण वासाचा द्रव सोडतो आणि तोंड उघडं टाकून मेल्याचं नाटक करतो. तळं आटलं, बेडूक संपले की मात्र खरंच मरतो.

फीना चावलीच तर अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, कारण सूज झपाट्याने चढते. हातपाय हलू देऊ नका, 112 ला फोन करा. चिरणं, चोखणं, बर्फ लावणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. बांधल्याने विष एका जागी कोंडून तिथलं मांस जास्त नासतं. आणि भारतातून प्रतिविष नेण्याचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते, फीनाच्या नाही.