एका ‘च’ची जागा

निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या मुलाखती घेणं हे माझं काम. त्या दिवशी समोर बसलेल्या बाई श्रद्धाळू म्हणून ओळखल्या जायच्या आणि इच्छामरणाच्या कायद्याला त्यांचा जाहीर विरोध होता. मी विचारलं, "हा विरोध तुमच्या धर्मातून येतो का?"

सल्लागारांनी लिहून दिलेला कागद त्या वाचू लागल्या. "श्रद्धा ही माझी खासगी बाब आहे..." दोन ओळींनंतर थांबल्या. कागद टेबलावर उलटा ठेवला. "हे खरं नाही. माझ्या निर्णयामागे माझी श्रद्धा असतेच."

बातमी मिळाली होती. इथे मुलाखत आवरती घेता येते. मी पूर्वी घेतलीही आहे. पण मला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले जॉन केनेडी आठवले. १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये कॅथलिक केनेडी प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर बोलले. चर्च आणि शासन यांची पूर्ण फारकत हवी, हे त्या भाषणातलं म्हणणं सगळे सांगतात. सदसद्विवेक किंवा राष्ट्रहित यांपैकी एकाला धक्का लावावाच लागला तर पद सोडेन, असंही ते त्याच भाषणात म्हणाले होते, ते फारसं कुणी सांगत नाही. मला तेच जास्त मोलाचं वाटतं. उमेदवाराची श्रद्धा आणि कायदा समोरासमोर आले तर तो काय करेल, हे मतदाराला आधी कळायला हवं.

म्हणून विचारलं, "जो तुमचा देव मानत नाही, त्याला काय कारण द्याल?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटायला वेळ लागत नाही. तो स्वतःच्या इच्छेनं जातोय की त्यांच्या, हे कोण ठरवणार?"

मला हे कारण पूर्ण पटलं नाही. पण ते तपासता येतं, त्यावर भांडता येतं. ‘देवाची आज्ञा’ म्हटलं की बोलणंच खुंटतं.

"आणि कायदा झालाच तर?"

"विरोधात मत देईन. मंजूर झाला तर आडवी येणार नाही. सही मलाच करावी लागणार असेल आणि हात धजला नाही, तर खुर्ची सोडेन."

संध्याकाळी डेस्कवर मथळा तयार होता : ‘माझ्या निर्णयामागे श्रद्धाच!’

बाई ‘श्रद्धा असतेच’ म्हणाल्या होत्या. तो ‘च’ तिथून उचलून श्रद्धेला चिकटवला होता. श्रद्धा आहे हे त्यांनी लपवलं नाही. श्रद्धेशिवाय दुसरं काही नाही, असं त्या कुठेही म्हणाल्या नव्हत्या. मी रेकॉर्डिंग तीनदा ऐकवलं. जागा नाही, वेळ नाही, ‘एका अक्षरानं काय होतं’ हे सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीवरून उठलो नाही. शेवटी मथळा बदलला, पद सोडण्याचं वाक्यही आत गेलं.

दुसऱ्या दिवशीचे उमेदवार स्वतःला नास्तिक म्हणवणारे, त्याच कायद्याच्या बाजूचे. त्यांनाही मी विचारलं, "ही भूमिका तुमच्यात कुठून आली? आणि ती ज्याला मान्य नाही, त्याला काय कारण द्याल?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं," म्हणाले, आणि विचार करायला वेळ मागून घेतला.