सांगली ते लंडन: नोकरी नसताना मिळालेला दोन वर्षांचा व्हिसा, आणि तो न लागल्यास दुसऱ्या वाटा

वय सत्तावीस, हातात बी.कॉम.ची पदवी, पुण्यातली नोकरी सुटलेली, लग्न झालेलं नाही. अशा मुलीला परदेशात दोन वर्षं कोण राहू देणार? विश्रामबागेतल्या एका एजंटानं मला दोनच रस्ते सांगितले: शिकायला जायचं म्हणून मोठं कर्ज काढा, नाहीतर तिथल्या कंपनीचं ऑफर लेटर आणा. तिसरा रस्ता आहे. मी त्या रस्त्यानं २०२४ मध्ये लंडनला गेले. सांगली-साताऱ्याकडच्या मुलामुलींना तो माहीतच नसतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

काही देशांचे व्हिसे खास तरुणांसाठी असतात. तिथे नोकरी विचारत नाहीत, वय विचारतात. तिशी उलटली की त्यातले बरेचसे कायमचे बंद होतात. त्यामुळे यादी करताना खर्चाच्या आधी वयाची अट बघा.

माझा व्हिसा होता ब्रिटनचा ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’. तो २०२३ मध्ये सुरू झाला. वय १८ ते ३०, किमान पदवी, आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं अठराखालचं मूल नसावं. वर्षाला ३,००० जागा असतात आणि त्या ड्रॉनं मिळतात. ड्रॉ फेब्रुवारीत आणि जुलैत निघत आलाय, पण जेमतेम दोन दिवस उघडा असतो. आमच्या वेळी २० फेब्रुवारीला दुपारी अडीचला उघडला आणि २२ ला अडीचला बंद झाला. नाव घालायला एक रुपया लागत नाही. नाव, जन्मतारीख, पासपोर्टची माहिती आणि त्याचा फोटो, फोन, ईमेल, एवढंच भरायचं. त्यामुळे ‘ड्रॉत नाव घालून देतो, पाच हजार द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एका माणसाचा एका ड्रॉत एकच अर्ज धरतात, जास्त भरून नशीब वाढत नाही. निकाल दोन आठवड्यांत ईमेलवर येतो.

पासपोर्ट मात्र आधी तयार हवा. आपल्या भागाचं प्रादेशिक कार्यालय पुण्याला आहे. ड्रॉच्या आधी किमान दोन-तीन महिने हे काम उरकून ठेवा.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. नुसता क्रम बदलला असेल तर फारसं अडत नाही, पण स्पेलिंग वेगळं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. निवड झाल्यावर अर्ज करायला साधारण ९० दिवस मिळतात, आणि विद्यापीठातून दुरुस्त कागद यायला त्यातले बरेच निघून जातात.

आता पैसे, कारण खरी अडचण तिथेच येते. तुमच्या खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसायला हवेत. त्या वेळच्या दरानं ते पावणेतीन लाखांच्या आसपास होते. एक दिवसही रक्कम खाली गेली तर मोजणी पुन्हा सुरू. रुपया घसरतो म्हणून वीस-पंचवीस हजार जास्त ठेवा. पैसे तुमच्याच नावावर हवेत, बाबांच्या खात्यातले चालत नाहीत. आणि आपल्याकडची खास गोष्ट: घरातली बचत बहुतेक पतसंस्थेत असते. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं. ब्रिटनचा नियम सांगतो की पैसे ठेवलेली संस्था नियंत्रकाच्या देखरेखीखालची हवी आणि तिथली नोंद पडताळता आली पाहिजे. माझ्या आईची ठेव पतसंस्थेत होती. मी ती मोडून घेतली, राष्ट्रीयीकृत बँकेतल्या माझ्या खात्यात वळवली आणि मगच २८ दिवस मोजायला सुरुवात केली. हे ड्रॉच्या आधीच करून ठेवलं तर जीव शांत राहतो.

दाखवायचे पैसे तुमचेच राहतात. जातात ते वेगळे: २०२४ मध्ये व्हिसाचे २९८ पौंड होते आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६, म्हणजे दोन वर्षांचे १,५५२. एकूण जवळपास दोन लाख रुपये एकदम भरावे लागले. शुल्क नंतर वाढलंय, अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचाच आकडा धरा. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, व्हिसाचं शुल्क मिळत नाही.

टीबीची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते. मी मुंबईत केली. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, छातीचा एक्स-रे काढून संध्याकाळी परत निघता येतं. हे प्रमाणपत्र सहा महिने चालतं. बोटांचे ठसे आणि फोटो पुण्यातल्या व्हिसा केंद्रात झाले. तिथे जास्तीच्या सेवा विकायला बघतात, त्यातली एकही सक्तीची नाही.

लंडनमध्ये पहिलं संकट घराचं. घरमालक पगाराची स्लिप मागतात, नाहीतर ब्रिटनमधला जामीनदार. माझ्या वेळी दोन्ही नसलं की कित्येक महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. मला लंडनच्या हॅरो भागात एका मराठी कुटुंबाकडे खोली मिळाली, ती मैत्रिणीच्या मावशींच्या ओळखीतून. भाडं महिन्याला साडेसहाशे-सातशे पौंड, वीज-पाणी धरून. ओळख नसेल तर डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जा. १९३२ पासूनची संस्था आहे आणि कार्यक्रमांना गेलं की माणसं भेटतात. डिपॉझिट कुणालाही द्या, अगदी घरच्यासारख्या माणसांनाही, पण पावती घ्या.

नॅशनल इन्शुरन्स नंबरचा (पगार आणि कराच्या नोंदीसाठी लागणारा) अर्ज ऑनलाइन आणि फुकट आहे. नंबर यायच्या आधीही काम सुरू करता येतं, फक्त काम करायचा हक्क दाखवणारा शेअर कोड द्यावा लागतो. आता बीआरपी कार्ड (राहण्याच्या परवान्याचं कार्ड) बंद झालंय, सगळं ई-व्हिसावर चालतं. त्यामुळे त्या खात्याचा ईमेल आणि फोन नंबर चालू ठेवा. या व्हिसावर बहुतेक कुठलंही काम करता येतं, स्वतःचं छोटं काम काढता येतं, आणि काही काळ बेकार राहिलात तरी व्हिसा जात नाही. सरकारी भत्ते मात्र मिळत नाहीत. मी आधी कॅफेत लागले, तेव्हा किमान वेतन ताशी ११.४४ पौंड होतं. काही महिन्यांनी एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्सचं काम मिळालं. पहिल्या आठवड्यात दवाखान्यात नाव नोंदवा. अधिभार भरलेला असतो, डॉक्टर पैसे घेत नाहीत.

हा व्हिसा वाढत नाही आणि दुसऱ्यांदा मिळत नाही. पुढे राहायचं तर कंपनीनं स्पॉन्सर करावं लागतं, आणि जुलै २०२५ पासून त्यासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे, नवख्यांसाठी थोडी कमी. दोन वर्षांत काय शिकायचं, कुणाला भेटायचं ते पहिल्या वर्षीच ठरवलेलं बरं.

ड्रॉ लागला नाही तर? ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाचा भारतीयांसाठीचा ड्रॉ २०२४ मध्ये सुरू झाला. १,००० जागा, वय १८ ते ३०, नाव घालायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, एक वर्ष राहता येतं आणि खर्चापुरते ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ हवेत. पंचवीस डॉलर गेले तरी चालतील, नाव घालाच.

जर्मनीचं अपॉर्च्युनिटी कार्ड नशिबावर नाही, गुणांवर चालतं. जून २०२४ पासून हे सुरू आहे: वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची आणि आठवड्याला २० तास काम करायचं. तुमची पदवी जिथे घेतली त्या देशात, म्हणजे भारतात, सरकारमान्य असायला हवी आणि सहा गुण लागतात. अनुभव नसलेल्या इंजिनिअरचा हिशेब बघा: पस्तिशीच्या आतल्या वयाचे २, जर्मन भाषेच्या बी-१ पातळीचे २, इंग्रजीच्या सी-१ पातळीचा १, जर्मनीत माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायाचा १. झाले सहा. म्हणजे वाळवा, पलूस, कोरेगावच्या पोरांनी घरी बसलेल्या काळात जर्मन शिकावं. पुण्यातलं मॅक्सम्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. अडसर आहे तो पैशांचा: २०२५ च्या हिशेबानं महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. ते तुम्हालाच दर महिन्याला परत मिळतात, पण सुरुवातीला उभे करावे लागतात.

थायलंडचा पाच वर्षांचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) मुए थाई, म्हणजे थाई बॉक्सिंग, किंवा थाई स्वयंपाकाच्या वर्गावर मिळतो. एका वेळी १८० दिवस राहता येतं. पण पाच लाख बात (थाई चलन) खात्यात दाखवायचे आणि थाई नोकरी करायची नाही. बेकार मुलाला हा फारसा परवडणारा नाही. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही, १९५० च्या करारामुळे. परदेशात राहणं आपल्याला जमतं का हे कमी खर्चात बघायचं असेल तर आधी तिथे जा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. बँकॉकला ‘डेटा एंट्री’ची नोकरी, तिकीट आमचं, व्हिसा टुरिस्टचा, असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. अशा मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. मार्च २०२५ मध्ये २८३ भारतीयांना हवाई दलाच्या विमानानं थायलंडमधल्या माए सॉटहून परत आणावं लागलं. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा, आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. घरच्यांनी मागे लागून का होईना, हे दोन्ही तपासून घ्यावं.

तिशी ओलांडलेल्यांनी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया सोडून थेट जर्मनीकडे वळावं. त्या कार्डाला वयाची वरची मर्यादा नाही, पस्तीसनंतर चाळीसपर्यंत वयाचा एक गुण मिळतो, आणि पाच वर्षांच्या अनुभवाचे तीन गुण त्याची भरपाई करतात.