पिताना लाज नव्हती, मीटिंगला जाताना मात्र होती

आमच्या मालवण पट्ट्यात कोण किती पितो हे काय लपून राहतं होय? गोवा जवळ, तिकडे टॅक्स कमी म्हणून बाटली स्वस्त, आणि माझा धंदा होमस्टेचा, म्हणजे रोज नवे पाहुणे नि रोज "दादा, बसा की थोडा वेळ". अख्ख्या वाडीला माझं सगळं माहीत होतं. तरी एएच्या मीटिंगला, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, जायचं ठरलं तेव्हा डोक्यात पहिलं काय आलं, तर कोणी बघितलं तर काय म्हणतील! गटाराकडेला बसलेला बघितलाय लोकांनी, आता मीटिंगला बसलेला बघितला तर काय जाणार होतं, पण तेव्हा हे सुचत नाही.

आमच्याकडे दारू सोडायची म्हणजे माळ घालायची, नाहीतर देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. मी हसत नाहीये त्याला, माझा मावसभाऊ माळ घालून सुटला तो सुटलाच. माझी शपथ मात्र शिमग्यापर्यंत टिकायची, फार तर गणपतीपर्यंत, आणि विसर्जन झालं की पोरं बसायची त्यात मी पहिला.

शेवटी बायको डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर पहिलंच बोलले ते हे, की घरी बसून मनाने एकदम बंद करू नका. हे कोणीच सांगत नाही म्हणून इथे लिहितोय. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, नसलेली माणसं दिसतात, माणूस दगावूसुद्धा शकतो, म्हणून आधी डॉक्टर, गोळ्या, बी-१ व्हिटॅमिन वगैरे आणि मग बाकीचं. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे पण त्याचं नाव काढलं तरी आमची आई रडायला लागायची, येड्यांच्या इस्पितळात घालताय काय माझ्या पोराला म्हणून. पुण्यातल्या नातेवाइकांनी तिथलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुचवलं, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, पण ऐन सीझनमध्ये धंदा सोडून जाणं जमेना. मग १४४४६ वर फोन लावला, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इतर गोष्टींबरोबर एएचं नाव सांगितलं.

मी मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातला ग्रुप धरला. एसटीत बसलो तर बाजूला ओळखीचा, "खंय चललंस?" म्हटलं बँकेत काम आसा. संध्याकाळी कसली बँक, पण त्याने पुढे विचारलं नाही.

आता तिथे काय असतं ते सांगतो कारण मला वाटलेलं भाषण असणार. भाषण नाही, हजेरीपट नाही, फी नाही. शेवटी डबा फिरतो, टाकायचे तर टाका, आणि बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, आणि कोकणी माणूस सल्ला न देता तासभर बसतो हाच मला मोठा चमत्कार वाटला. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअर बाजारातला, बिल नावाचा, नि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून सावरले त्यातून हे उभं राहिलं. दारूतून सावरायच्या एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत देवाचं नाव येतं, पण ज्याला जसा समजेल तसा, त्यामुळे आमच्यात वारकरी आहे, मुसलमान आहे, ख्रिश्चन आहे आणि कशालाच न मानणारा एक मास्तर पण आहे.

आणि ज्याची भीती तेच झालं, ओळखीचा निघाला, आमच्याकडे मासे घालणारा. त्याने नुसती खुर्ची सरकवली. आजही दारात येतो तेव्हा सुरमईच्या भावावर भांडतो, दुसरा शब्द नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळं असतं, ते १९५१ चं, एएच्या बिलच्या बायकोनेच एका मैत्रिणीबरोबर सुरू केलेलं. आमच्या हिला जवळपास ग्रुप मिळाला नाही म्हणून ती मोबाइलवर ऑनलाइन बसते, पावसात रेंज जाते तेव्हा ओटीच्या टोकाला जाऊन. मला वाटलेलं मी सोडली की घरात सगळं जाग्यावर येईल. ती म्हणाली, "तुम्ही सोडलीत म्हणून माझा राग आपोआप जाणारा नाय." बरोबर आहे तिचं. त्याला वेळ लागतोय.

धंदा तोच आहे, पाहुणे तेच. ग्रुपमधल्या जुन्यांनी सांगितलं की हातात कायम कोकम सरबताचा ग्लास ठेव, रिकामा हात दिसला की आग्रह होतो, आणि अगदीच वाटलं तर रात्री कितीही वाजता फोन कर. फोन मी केलेत, झोपेतनं उठून बोललेत बिचारे. आता खोली देतानाच सांगतो, तुमची तुम्ही प्या, ग्लास नि बर्फ माझ्याकडून मिळणार नाही. त्यावरून एकाने दोन स्टार दिले आणि लिहिलं, मालक बोअर आहे. असूदे.