तुम्ही विचारलंत म्हणून : सात नंबरचा काजू

मुंबई-पुण्याचे पाहुणे आमच्या काजूच्या बागेत फिरताना हटकून विचारतात, ‘‘ते वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, त्याचा तुम्हाला खरंच काही उपयोग होतो का हो?’’ मी पडवीतल्या दोन बिया त्यांच्या तळव्यावर ठेवतो. एक गावठी, एक केंद्राच्या वाणाची, ‘वेंगुर्ला-७’. सात नंबरची बी दहाएक ग्रॅमची, शंभरात किलो भरतो. गावठी तिच्या शेजारी पोरगेलीच दिसते.

वजनापेक्षा मला तिचं कूळ सांगायला आवडतं. केंद्रातल्या लोकांनी सुरुवात केली ती आमच्याच डोंगरांतून. अणसूर आणि वेतोरे, दोन्ही गावं वेंगुर्ला तालुक्यातली. तिथून निवडलेल्या झाडांच्या संकरातून १९८१ साली ‘वेंगुर्ला-३’ आली. तिचा पुढे तमिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या वाणाशी संकर झाला आणि १९९७ साली ‘सात’ बाहेर पडली. चांगलं झाड माझ्या आजोबांनाही ओळखता यायचं. त्याची बी राखून ते लावायचेसुद्धा. पण काजूचं झाड बियांपासून आईसारखं येईलच असं नाही, आणि एकेका झाडाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वहीत मांडायला त्यांना सवड कुठली? ती वही लिहिणाऱ्याला पगार लागतो.

कलमाचंही तसंच. ‘‘ते काय आमका शिकवतले?’’ म्हणणारे माझे वडील मृदकाष्ठ कलम बघून आले आणि आठ दिवस अंगणातून उठले नाहीत. चांगल्या झाडाची कलमासाठी निवडलेली काडी, तिची पानं आठ-दहा दिवस आधी छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. देठ बोट लावताच गळला, डोळा फुगलेला दिसला, की काडी तयार. मग दोनेक महिन्यांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखी धार करून त्यात बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची आणि वर पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची. पिशवीत आतून घाम धरला की वडील खूश.

केंद्राचं सगळंच गोड आहे असं नाही. कलमांसाठी नंबर लावून थांबावं लागतं. त्याला कंटाळून मी एकदा एका खासगी नर्सरीतून स्वस्तात चाळीस ‘सात नंबर’ उचलले. चौथ्या वर्षी बी धरली आणि कळलं, निम्मी झाडं नुसती बियांची रोपं होती. त्यातली काही तोडली. अकरा अजून गडग्याकडेला उभी आहेत. पाहुण्यांच्या हातावर ठेवतो ती गावठी बी त्यांचीच.