चिऱ्यांच्या घरात वायफाय नीट हवं असेल तर आधी वायर ओढा

गावात फायबर आलं, शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतला, ओटीवर स्पीडटेस्ट केली की आकडा पुरा येतो आणि माजघरात पाऊल टाकलं की व्हिडिओ कॉल अडकतो, ही तक्रार मला कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक ओळखीच्या घरातून ऐकू येते. मग लोक प्लॅन वाढवतात, नेटवाल्याशी भांडतात, पाच अँटेनावाला महाग राउटर आणतात आणि माजघरात काहीच फरक पडत नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरी मी हे सगळं नीट बसवून घेतलं त्याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण आई-बाबा तिथे दोघंच असतात आणि मोबाईलची रेंज खळ्यात गेल्याशिवाय येत नाही, म्हणजे घरात वायफाय कॉलिंग हाच त्यांचा फोन. रात्री कुणाला बरं नसेल तर तो लागलाच पाहिजे, त्यात मला तडजोड नको होती.

मुळात अडचण भिंतीची आहे. जांभ्याचा चिरा नऊ इंच ते फूटभर जाड, त्यावर दोन्ही बाजूंनी गिलावा, आणि हा दगड सच्छिद्र असतो, पाणी पितो. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे जी जागा मे महिन्यात कशीबशी चालते ती जुलैत साफ मरते. वायफायचे नेहमीचे दोन बँड, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यातला ५ वाला वेगवान पण भिंत पार करायला कमजोर. सिग्नल मोजायला फोनवर वायफाय अॅनालायझरचं कुठलंही अॅप घ्या, तिथे उणे आकडे दिसतात: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतो, उणे ८० च्या पुढे नुसत्या काड्या दिसतात, काम होत नाही. हे आकडे साधे नाहीत, दर १० ला ताकद दहापट कमी होते, म्हणजे उणे ६० वरून उणे ८० ला गेलात की शंभरावा भाग उरला. आमच्याकडे ओटी ते स्वयंपाकघर दोन चिऱ्यांच्या भिंती, मध्ये माजघरात लोखंडी कपाट, त्यामुळे मागच्या पडवीत काय उरणार.

राउटरची ताकद वाढवून का भागत नाही हेही सांगतो. राउटर ओरडला तरी फोनला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा ट्रान्समीटर छोटा, बॅटरीवर चालणारा. त्याचं उत्तर भिंतीतच विरतं. म्हणून फोनवर काड्या फुल्ल आणि कॉल तुटतोय असं होतं.

दुसरा उपाय लोक करतात तो रिपीटर. प्लगमध्ये खोचायचा, राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा तो स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणजे वेग सरळ निम्म्यावर. शिवाय तो लावला जातो नेमका जिथे सिग्नल खराब आहे तिथे, मग खराबच सिग्नल पुढे ढकलतो. मेशचे डबे, म्हणजे घरभर ठेवून एकमेकांशी जोडून एकच वायफाय देणारे छोटे राउटर, बरे असतात, पण ते एकमेकांशी हवेतून बोलणार असतील तर मध्ये तीच चिऱ्याची भिंत आहे. शहरातल्या विटांच्या पार्टिशनमध्ये मेश छान चालतं हे मी डोंबिवलीत बघितलंय, इथे नाही. इथे उपाय एकच, प्रत्येक भागात स्वतंत्र अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथे वायफायवर देणारा डबा, आणि तिथपर्यंत वायर.

वायरीवर मी सगळ्यात जास्त लक्ष दिलं. बाबांना भिंतीला भोकं पाडायची काळजी होती, पण जांभा मऊ असतो, लांब बिट लावलं की ड्रिल सहज आरपार जातं, फक्त भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवायचं म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. नेटवर्कची केबल कॅट सिक्स या प्रतीची घेतली. खरं तर एक गिगाबिटला (१००० एमबीपीएस) तिच्या खालची कॅट फाइव्ह ई सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते, पण भावात फार फरक नव्हता. महत्त्वाचं हे की तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, निम्म्या किमतीत, बॉक्सवर कॅट सिक्सच लिहिलेलं असतं. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा. अॅल्युमिनियमचा रोध जास्त, वाकवली की तुटते, आणि त्यातून पॉवर पाठवायची असेल तर गरम होते.

केबल उघडी माळ्यावरून सोडायची नाही, उंदीर शिल्लक ठेवत नाहीत. आणि बाहेरून हवेत टांगायची नाही, वानरं झोके घेतात, अतिशयोक्ती करत नाहीये. पीव्हीसी पाइपातून घेतली, लाइटच्या वायरींपासून लांब, जिथे ओलांडायची तिथे काटकोनात. घर नवीन बांधताय किंवा गिलावा काढून परत करताय तर कृपा करून प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून ठेवा, त्याला खर्च जवळजवळ काही नाही आणि नंतर फोडाफोड करायला लागली की जीव जातो.

टोकं क्रिम्प करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, तारांच्या रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एक गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एखादी तार नीट बसली नाही तर लिंक गुपचूप शंभरवर येते आणि चालत राहते, कुणाला कळत नाही. त्यामुळे टेस्टर लावून झाल्यावर स्विचच्या (सगळ्या केबल जिथे येऊन जोडतात त्या डब्याच्या) सेटिंगच्या पेजवर जाऊन लिंक १००० दिसतेय का ते बघायचंच.

अॅक्सेस पॉइंट तीन लावले, एक ओटीवर, एक माजघर आणि स्वयंपाकघराच्या मध्ये, एक माडीवर. कौलांखाली सीलिंग नाही म्हणून तुळईला फळी ठोकून त्यावर बसवले, उघड्यावर, कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठी नाही. तिन्हींना पॉवर नेटच्या केबलमधूनच, त्यासाठी तशी वीज देणारा पीओई स्विच घेतला. यात ८०२.३एएफ किंवा एटी असं लिहिलेलंच घ्या, एएफ प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट देतो, एटी ३० वॉट, आणि दोन्ही आधी समोरच्या डब्याला विचारून मग पॉवर सोडतात. पॅसिव्ह २४ व्होल्टवाले न विचारता सोडतात, त्यावर चुकीचं काही लावलं की जळतं.

नवीन अॅक्सेस पॉइंट घ्यायला पैसे नसतील तर जुना राउटर चालतो, आमच्या आत्याकडे तसंच केलंय. त्याचं डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक यंत्राला नेटवर्कचा पत्ता वाटून देण्याचं काम, बंद करायचं, त्याला घरातल्या रेंजमधला पण वाटपाच्या बाहेरचा पत्ता द्यायचा, समजा मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि केबल वॅनच्या (बाहेरचं नेट येतं त्या) नाही, लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये लावायची. घरात पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे, दोन झाले की कुणाचं नेट चालेल कुणाचं नाही याचा भरवसा नाही.

सेटिंगमध्ये नाव आणि पासवर्ड तिन्हीकडे एकच. २.४ वर चॅनल १, ६ आणि ११ असे वाटून दिले कारण तेवढेच एकमेकांत न मिसळणारे आहेत, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर वाडीत शेजारचं वायफाय पोचतच नाही म्हणून ८० ठेवता आलं, सोसायटीत राहत असाल तर ४० वर आणा. आणि सिग्नलची पॉवर कमी करायची, हे लोकांना पटत नाही पण कराच. एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची हे फोन ठरवतो, राउटर नाही, आणि ओटीवरचा सिग्नल माडीपर्यंत थोडासा जरी पोचत असेल तरी फोन त्यालाच चिकटून बसतो. २.४ ची पॉवर सगळ्यात कमी आणि ५ ची मध्यम केली तेव्हा बाबा बोलत बोलत माडीवर गेले तरी कॉल तुटायचा थांबला. सेटिंगमधला ८०२.११आर हा पर्याय चालू केला तर उडी आणखी पटकन होते, पण एखादं जुनं यंत्र त्यामुळे जोडलंच जात नाही, तसं झालं तर बंद ठेवा.

आता वीज. पावसात लाइट जाते, नेटवाल्याचा फायबरचा डबा, राउटर आणि पीओई स्विच हे तिन्ही एकाच यूपीएसवर हवेत, एकालाच बॅकअप देऊन उपयोग नाही. मांगरापर्यंत (घरापासून वेगळ्या असलेल्या खोपीपर्यंत) नेट न्यायचं होतं तिथे मात्र मी तांब्याची केबल नेली नाही. जूनच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून सर्ज, म्हणजे विजेचा अचानक मोठा झटका, येतो आणि सगळे पोर्ट एकदम उडतात. तिथे फायबर टाकली, दोन टोकांना फायबर आणि नेटची केबल जोडणारे मीडिया कन्व्हर्टर, काचेतून करंट जात नाही. बाहेरून टाकायच्या या फायबरला (ड्रॉप केबलला) आधाराची स्टीलची तार असते ती घराबाहेरच तोडायची, आत आणायची नाही.

शेवटी बाबांना एक गोष्ट शिकवून ठेवली, नेट अडकलं की आधी फोनच्या पिंग अॅपमध्ये (एखादा पत्ता उत्तर देतो का आणि किती वेळात ते दाखवणारं अॅप) १९२.१६८.१.१, म्हणजे आपल्या मुख्य राउटरचा पत्ता, बघायचं. तिथे उत्तर काही मिलिसेकंदात आणि सलग येत असेल तर घरातलं सगळं ठीक आहे, दोष बाहेरच्या लाइनचा, नेटवाल्याला फोन करा. तिथेच उत्तरं गळत असतील तर मला करा.